शेणाचं विरजण

आमच्या घरात चूल पेटली की नाही हे बघायला स्वयंपाकघरात जावं लागत नसे. आईच्या खोकल्यावरून ते ओसरीवरच कळायचं. आधी फुंकणीचा आवाज, मग खोकल्याची उबळ, मग जरा शांतता आणि पुन्हा फुंकणी. तो खोकला ऐकून आबा, म्हणजे माझे वडील, गोठ्यातली झाडलोट आवरती घ्यायचे आणि आत्या अंथरूण गुंडाळायची. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच होती आणि घरातल्या कुठल्याही गोष्टीवर पहिलं बोलण्याचा मान तिचा होता. भाकरीची पहिली थाप पडली की धूर आढ्याला लागला असं समजून मी आत जायचे. तरीही आईचं तोंड नीट दिसायचं नाही. काथवटीवर फिरणारे हात तेवढे दिसायचे, आणि मधूनच पदराचं टोक डोळ्यांकडे जाऊन यायचं.

त्या धुरात आई काय काय रांधायची! नाचणीची भाकरी, उडदाचं घुटं, थंडीत हुलग्याचं माडगं, सणाला आंबेमोहोराचा भात. आज माझ्या ओट्यावर चकाचक शेगडी आहे, पण त्या घुट्याची चव मला साधलेली नाही. नातसून म्हणते, "आजी, तुम्हाला धुराचीच चव आवडायची." तिला मी काही सांगत नाही. धुराची चव लागते ती ताटावर बसलेल्याला. चुलीपुढे बसलेल्याला धूर फक्त लागतो.

आमची वाडी कामथडीवरून आत, डोंगराच्या अंगाला. शेत थोडं, पण गोठा भरलेला. घरात सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होत असतील तर ती शेणावरून. आईला गोवऱ्यांसाठी शेण हवं, आत्याला सारवायला हवं आणि आबांना राबासाठी हवं. भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा, डहाळ्या पसरून भाजतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. राब नीट भाजला नाही तर रोप पिवळं पडतं, आणि रोप गेलं की वर्षाचा भात गेला. त्यामुळे आई गोवऱ्या थापायला बसली की आबा लांबूनच शेणाच्या पाटीकडे बघत राहायचे. गोवऱ्या थापणं माझ्याही वाट्याला असे. शाळेत नसरापूरला पोहोचेपर्यंत नखांतलं शेण वाळलेलं असायचं आणि मी पाटी धरताना बोटं मिटून घ्यायचे.

मी सातवीत गेले त्या वर्षी आईचे डोळे फारच बिघडले. पापण्या आतून सुजायच्या, सकाळी चिकटून बसायच्या, आणि उजेडात आलं की ती कपाळावर आडवा हात धरून चालायची. तांदळातले खडे तिला दिसेनासे झाले. आबा तिला भोरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं की धुरापासून लांब राहा, नाहीतर आहे तेवढी नजरही जाईल.  घरी आल्यावर आई पायरीवर बसून हसली आणि म्हणाली, "धुरापासनं लांब ऱ्हा म्हनं. म्हंजी उपाशीच ऱ्हा की!"

आबांनी त्यावर जो मार्ग काढला तो त्या काळी कुठल्याही घराने काढला असता. ते म्हणाले, "पोरगी आता हाताशी आलीया. चुलीचं तिच्याकडं दे. साळा काय, झाली तेवढी लई झाली." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. उलट बायकोची काळजीच होती. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन गेलेलं, आत्याला खाली बसवत नव्हतं, मग दुसरं कोण? दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळेत गेले नाही. फुंकणी माझ्या हातात आली. आठवडाभरात मलाही तसाच खोकला लागला, आणि एका सकाळी मी पदर नसलेल्या परकराचं टोक उचलून डोळे पुसले. ते आईने पाहिलं. इतकं कमी दिसणाऱ्या बाईने ते नेमकं पाहिलं.

त्याच दिवशी ती मला घेऊन नसरापूरला शाळेत गेली. आयुष्यात पहिल्यांदा. हेडमास्तरांच्या दारात उभी राहून, डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "हिचं नाव काटू नका. ही येनार हाय." मास्तरांनी विचारलं, कधी? "त्ये म्या बघते," एवढंच म्हणाली. वाटेत मी विचारलं की आये, कशी येणार मी? तर म्हणाली, "माज्या डोळ्यांचं झालं त्ये झालं. त्या चुलीला आनिक दोन डोळं म्या देनार न्हाई." कसं करणार हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण बोलून मात्र बसली होती, आणि बोललेलं मागे घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

त्याच सुमाराला पुण्याहून एक खादीवाले गृहस्थ आले. गावोगाव हिंडून शेणापासून गॅस करायचं दाखवत असत. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. त्यांनी देवळासमोर माणसं जमवली आणि मातीवर काडीने आकृती काढून दाखवली. विहिरीसारखा खड्डा बांधायचा, त्यात शेणाचा काला सोडायचा, वर लोखंडी टाकी पालथी घालायची. आत वारा बंद राहिला की शेणातून गॅस सुटतो, टाकी वर उचलते, आणि नळीने तो गॅस शेगडीला नेला की पेटतो. घरातलं खरकटं, भाजीची देठं, सगळं त्यात चालतं. उरतो तो काला शेतात खत म्हणून जातो. एका घरी करून दाखवायचं आहे, टाकी आम्ही देऊ, खड्डा आणि शेण तुमचं, असं ते म्हणाले. पुरुष मंडळी एकमेकांकडे बघू लागली. शेण खड्ड्यात घालून झाकण लावायचं, आणि राबाच्या वेळी हात चोळत बसायचं, असं कोण करणार? शेवटी मागून, बायका बसल्या होत्या तिथून, आईचा आवाज आला. "त्या इस्तवाला धूर येतो का?"

"अजिबात नाही बाई," भाऊ म्हणाले.

"मग आमच्या परड्यात खड्डा खांदा."

आबा तिथेच बसले होते. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. बायकोने चारचौघांत असं बोलावं ही त्यांच्या आयुष्यातली पहिली वेळ असावी. घरी आल्यावर व्हायचं ते झालं. आत्याने तर डोक्याला हात लावला. "आगं, शेनाच्या वाऱ्यावर रांदलेलं देवाला कसं दावायचं?"

"आन् गोवरीवर रांदलेलं कसं दावता वन्सं? गोवरी काय चंदनाची आस्ती?" आई म्हणाली.

आत्या जास्तच चिडली. "त्या वाऱ्यावरचा घास म्या तोंडात घालनार न्हाई," असं तिने जाहीर करून टाकलं. आबा तंबाखू मळत म्हणाले, "राबापातूर काय त्ये करा. तवर पेटलं तर पेटलं. न्हाई तर शेन भायेर काडीन, राबाला नेईन, आन् पोरगी चुलीवर. मग साळंचं नाव काडायचं न्हाई." आईने ते कबूल केलं. मी दाराआड उभी होते. माझी सातवी आता त्या खड्ड्यात होती.

खड्डा खणताना आबा आणि दोन गडी होते, आणि दगडमाती उपसायला आई आणि मी. लोखंडी टाकी पुण्याहून ट्रकने कामथडीच्या सडकेपर्यंत आली. तिथून बैलगाडीत घालून आणताना ओढ्यात गाडी रुतली, बैल हटून बसले, आणि अर्ध्या वाडीने मिळून टाकी ढकलत वर आणली. शिव्या देत आणली, पण आणली. घरामागच्या परड्यात ती पालथी घातल्यावर पोरं तिच्यावर दगड मारून घुमणारा आवाज ऐकत बसायची. भाऊंनी नळी घरात आणून शेगडी बसवली, काला कसा करायचा, किती पातळ, हे दाखवलं आणि थंडी आहे तेव्हा धीर धरा असं बजावून ते दुसऱ्या गावांना निघून गेले. रोज सकाळी आई आणि मी शेण पाण्यात कालवायचो, त्यातली काडी-कचरा हाताने काढायचो आणि सोडायचो. बर्फासारख्या पाण्यात हात कोपरापर्यंत बधिर व्हायचे. ते झालं की मी तशीच चुलीपुढे बसायचे, कारण चूल काही थांबलेली नव्हती.

टाकी हलेना. थंडी त्या वर्षी अशी पडली की गुरं गोठ्याबाहेर यायला मागत नव्हती. रोज सकाळी आई टाकीला हात लावून बघायची, किती वर आली ते चाचपायची. आत्या ओसरीवरून विचारायची, "काय गं, गाभन हाय का न्हाई तुजी टाकी? का वांझच आनलीस?" येणारी-जाणारी माणसं त्यावर हसायची. आई हसत नसे आणि चिडतही नसे. ती विचार करत असे. एकदा तिने काल्याच्या तोंडाशी नाक नेलं, बुडबुडा आलेला पाहिला आणि मला म्हणाली, "ह्ये आतल्या आत मुरतंय बग. दुदासारकंच. थंडीत दूद लागंना तर आपन काय करतो? विरजान वाईच जास्त घालतो. हितं विरजानच न्हाई, तर लागंल कसं?"

मला ते इतकं पटलं की हे भाऊंना कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. वेल्ह्याकडच्या डोंगरावरून ठकूबाई नावाची धनगरीण नसरापूरच्या बाजाराला लोणी घेऊन यायची आणि जाता-येता आमच्या ओसरीवर टेकायची. म्हशी भरपूर, त्यामुळे त्यांच्याकडे ताकाला तोटा नव्हता. आईने तिला चांगलं आंबट, शिळं ताक आणायला सांगितलं. ठकूबाईने कशाला म्हणून विचारलं नाही. दर बाजाराला घागर भरून आणू लागली. आम्ही ते खड्ड्यात ओतायचो. वर आंबलेलं पीठ, उरलेली आंबील, जे जे म्हणून आंबट घरात होतं ते ते आई सोडत गेली. जोंधळ्याच्या कण्या शिजवूनही तिने घातल्या, विरजणाला खायला काही पाहिजे म्हणून.

आणि टाकी उचलली! एका सकाळी हाताला लागली ती वीतभर वर. दुपारपर्यंत आणखी. आई परड्यातून जवळजवळ धावतच ओसरीवर आली आणि म्हणाली, "वन्सं, या बगा, भरलीया!" आबांनी नांगर सोडला. वाडीतली माणसं जमली, देवळासमोर एकमेकांकडे बघत बसलेलेही आले. कोणीतरी नारळ आणला. आईने हळदकुंकू वाहिलं, शेगडीची कळ फिरवली. सूं असा वारा आला. तिने काडी ओढून पुढे धरली.

काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. वाऱ्याने काडी मालवावी तशी ती शेगडी काड्या मालवत होती. आई एकेक काडी ओढत राहिली, पेटी रिकामी होईपर्यंत. शेवटी आत्याच म्हणाली, "वारा हाय बया, पन त्यात इस्तू न्हाई." मग मात्र हशा पिकला. माणसं पांगली. नारळ तसाच कट्ट्यावर राहिला. मी काड्यांची थोटकं गोळा करत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. आई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "रडायला काय झालं? चूल पेटीव. सांजचं व्हायाला पायजे." इतकं कोरडं बोलली की मला तिचा राग आला. आज मी तिच्या त्या वेळच्या वयाहून दुपटीने मोठी आहे, आणि आता कळतं की ती त्या क्षणी दुसरं काही बोलली असती तर तीच कोसळली असती.

आबा राबासाठी डहाळ्या तोडायला लागले होते. खांद्यावर कोयता टाकून निघताना ते परड्याकडे नजर टाकायचे. आईने शिवऱ्याला जाणाऱ्या माणसाकडे निरोप दिला, भाऊ त्या बाजूला होते म्हणून. ते सायकलवर आले. खड्ड्याच्या तोंडाशी वाकले आणि चटकन मागे सरले. "बाई, यात काय घातलंत?"

आईने काही लपवलं नाही. ताक, आंबील, आंबलेलं पीठ, कण्या, सगळं सांगितलं. कशासाठी तेही सांगितलं. भाऊंना हसू आलं, पण आईचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. "कल्पना चुकीची नाही तुमची. पण गॅस करणारे जे बारीक जीव शेणात असतात ना, ते आंबटाने मरतात. हा जो वारा आला तो नुसता आंबण्याचा. तो पेटत नाही." मग कपाळ चोळत म्हणाले, "आता नवीन काही घालू नका. आंबटपणा मारायला थोडी थोडी राख सोडू या. बाकी… वाट बघायची."

"वाट बगाया येळ न्हाई मला," आई म्हणाली.  "भाऊ, दुदाला दह्याचं विरजान लागतं. मग शेनाला शेनाचंच लागंल की. जुनं, मुरल्यालं."

भाऊंनी उकिरड्याकडे बघितलं. "लागेल ना! चालू टाकीतला काला आणायचा तर फार लांब जावं लागेल. पण तुमच्या उकिरड्याच्या तळाला काळा गाळ असेल ना, वारा न लागलेला?"

असेल ना! वर्षानुवर्षांचा होता. आम्ही दोघींनी उकिरडा उपसला. वरचा थर बाजूला केला आणि खालचा काळाभोर, चिकट गाळ पाट्या भरभरून खड्ड्यात नेला. त्या वासाने आत्या नाकाला पदर लावून शेजारच्या घरी जाऊन बसली. राखेला तर काय तोटा! ज्या चुलीने आईच्या डोळ्यांची वाट लावली तिचीच राख आम्ही चाळून, पाण्यात कालवून, दर सकाळी थोडी थोडी आत सोडत होतो. आई प्रत्येक वेळी काल्यात बोट बुडवून नाकाशी न्यायची. आंबट वास हळूहळू उतरत गेला, ऊन चढत गेलं, आणि आबांचा राबाचा ढीग वाढत गेला. डहाळ्या झाल्या, पाचोळा झाला, आता फक्त शेण उरलं होतं. एका संध्याकाळी ते खड्ड्यापाशी येऊन उभे राहिले. आई म्हणाली, "बाजारापातूर थांबा." ते थांबले. मला वाटतं, तोवर त्यांनाही बघायचंच होतं.

टाकी पुन्हा उचलली तेव्हा आईने कोणाला बोलावलं नाही. नारळ नाही, हळदकुंकू नाही. दुपारी आबा शेतावर असताना तिने मला आत हाक मारली, दार लोटून घेतलं, कळ फिरवली आणि काडी पुढे नेली. बारीक फप् असा आवाज झाला. आणि मग काहीच नाही. धूर नाही, ठिणगी नाही, लाकडाची तडतड नाही. खिडकीतून ऊन थेट शेगडीवर पडत होतं आणि त्या उजेडात ती निळसर ज्योत मलाच नीट दिसत नव्हती. आईने काडी मागे घेतली. "इजली?"

"न्हाई आये. पेटलीया!"

"खोटं बोलू नगं. पेटली आस्ती तर डोळ्याला पानी आलं नसतं?"

मी तिचा हात धरला आणि शेगडीवर नेला. चटका बसून तिने तो झटक्यात मागे ओढला. बोटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हळूहळू तोंड पुढे नेलं, चुलीपुढे कधी नेत नसे इतकं जवळ, डोळे सताड उघडे ठेवून. तशीच बसून राहिली. माझ्याच डोळ्यांना धार लागली होती, तिचे कोरडे होते. ते डोळे पुढे पुरते बरे झाले नाहीत, तांदूळ शेवटपर्यंत आम्हालाच निवडावे लागले. पण होती ती नजर मरेपर्यंत टिकली.

दारात आत्या उभी होती. कधी आली कोणास ठाऊक. ज्योतीकडे, मग आईकडे बघून ती म्हणाली, "भाकरी म्या खानार न्हाई, सांगून ठिवते. पन च्या ठिव वाईच. च्याला काय हुतंय." आबा आले ते चहाच्या वेळेला. त्यांनी शेगडीखाली वाकून बघितलं, धूर कुठे लपवलाय ते शोधत असावेत. कप रिकामा करून म्हणाले, "त्यो काला भायेर येतुया, त्यो उद्या राबाच्या कडंला टाकून बगतो." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच होतं.

संध्याकाळी मी सवयीने काथवट ओढली आणि शेगडीपुढे बसले. आईने मला कोपराने ढकललं. "सरक हितनं. ही माजी जागा हाय. तू दप्तर झाड, उंदरांनी खाल्लंय का बग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नसरापूरच्या वाटेला लागले. पायवाट उतरताना थांबून मी कान दिला. घरातून खोकला येत नव्हता. नुसती भाकरीची थाप ऐकू येत होती.